उर्फ पुसण्यापूर्वी...

लग्नपत्रिकेत 'चि. राजेंद्र उर्फ राजू' असं छापलेलं आपण सगळ्यांनीच वाचलेलं आहे. राजेंद्र हे नाव शाळेच्या दाखल्यापुरतं आणि रेशनकार्डापुरतं. हाक मारायला राजू. कोणत्याही नावाने हाक मारा, वळून बघणारा माणूस एकच! आपल्या हॉस्टेलमध्ये तर 'उर्फ' हीच खरी ओळख. कुरिअरवाला खाली उभा राहून पाकिटावरचं नाव ओरडत असतो आणि ज्याचं पाकीट आहे त्याचाच शेजारी छातीठोकपणे सांगतो, की असा कुणी या विंगमध्ये राहतच नाही. तेच 'पोपट' म्हणून हाक मारा, सगळी विंग गॅलरीत येते.

ई-मेलच्या जगात या 'उर्फ'ला अलायस म्हणतात. अलायस म्हणजे स्वतःची पेटी नसलेला पत्ता. त्यावर आलेला मेल कुठेही साठत नाही, तो सरळ कुणाच्या तरी खऱ्या पेटीत जाऊन पडतो. आपल्या कॉलेजच्या लायब्ररीचा पत्ता, परीक्षा विभागाचा पत्ता, मेस कमिटीचा पत्ता हे सगळे अलायस. लायब्ररियन बदलले तरी पत्ता बदलत नाही. तो फक्त जुन्या पेटीऐवजी नव्या पेटीकडे वळवायचा.

ही कल्पना काही नवी नाही. रे टॉमलिन्सन या इंजिनिअरने १९७१ साली 'ॲट द रेट'चं चिन्ह वापरून एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर पहिला मेल पाठवला. पुढे १९८० च्या दशकात बर्कले विद्यापीठातून आलेल्या एरिक ऑलमनच्या 'सेंडमेल' या प्रोग्रॅममध्ये एक साधी टेक्स्ट फाइल असायची. डावीकडे उर्फ, मध्ये विसर्गासारखी दोन टिंबं, उजवीकडे खरा पत्ता. बस्स! आजही लिनक्सच्या मेल सर्व्हरवर ही फाइल त्याच थाटात सापडते. चाळीस वर्षांत जिचं रूप बदललं नाही अशा गोष्टी आपल्या क्षेत्रात फार थोड्या. (दुसरी म्हणजे आपला सिलॅबस!)

असो. तर सांगायचा मुद्दा असा, की आपल्या कॉलेजात असे तीनेकशे उर्फ साठले आहेत. प्रत्येक वर्षाच्या फेस्टचा एक, प्रत्येक सेमिनारचा एक, प्रत्येक बॅचच्या प्लेसमेंट प्रतिनिधीचा एक. फेस्ट संपला, बॅच पास आउट झाली, मुलं बंगलोर-पुण्याला गेली, पण उर्फ तसाच. हे सगळं सांभाळतात आपल्या सिस्टीम रूमचे सर. कुठला उर्फ कुणाकडे जातो हे सरांना फाइल न उघडता सांगता येतं. अडचण एवढीच, की सर पुढच्या मे महिन्यात रिटायर होतायत.

म्हणून आमच्या फायनल इयरच्या प्रोजेक्टला विषय मिळाला : सिस्टीम रूमच्या रोजच्या कामांसाठी एआय एजंट.

'एजंट' म्हटलं की एलआयसीवाले काका किंवा आरटीओच्या दारातला माणूस डोळ्यांसमोर येतो. आणि खरं सांगायचं तर उपमा फारशी चुकीची नाही. आपण त्याला साध्या भाषेत काम सांगायचं आणि त्याने आपल्या वतीने चार खिडक्यांवर जाऊन ते करून आणायचं. आत बसलेलं लँग्वेज मॉडेल नुसतं वाचू आणि लिहू शकतं. त्याने प्रत्यक्षात काही करावं असं वाटत असेल, तर त्याच्या हातात 'टूल' द्यावी लागतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिक कंपनीने यासाठी 'मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल', म्हणजे एमसीपी, नावाची खुली पद्धत जाहीर केली. त्यात प्रत्येक टूलबरोबर मुख्यतः तीन गोष्टी द्यायच्या : टूलचं नाव, ते काय करतं याचं वर्णन आणि त्याला कोणती माहिती पुरवायची त्याचा साचा. टूलच्या आतला कोड मॉडेलला दिसत नाही. त्याला दिसतं ते हे वर्णन. टूल कधी वापरायचं, कधी नाही, हे सगळं त्याने त्या चार ओळींवरून ठरवायचं.

कामाची वाटणी झाली. पार्टनरने कोड लिहायचा आणि मी डॉक्युमेंटेशन. आता डॉक्युमेंटेशनला आपल्याकडे काय मान आहे हे मी वेगळं सांगायला नको. ज्याला काहीच येत नाही त्याला ग्रुपमध्ये ठेवायचं म्हणून द्यायचं ते काम! मागच्या वर्षीचा ब्लॅक बुक घ्यायचा, नावं बदलायची, बाइंडिंगवाल्याकडे टाकायचा. विंगमध्ये ही बातमी पसरल्यावर दोन दिवस मला 'लेखक' म्हणून हाक मारली गेली.

पार्टनरचा कोड एका रात्रीत झाला. अलायस काढून टाकण्याचं टूल म्हणजे तरी काय? गूगल वर्कस्पेससारख्या सेवेत त्यासाठी तयार विनंती असते : कोणता युझर, त्याचा कोणता अलायस, काढून टाक. टूलच्या वर्णनात पार्टनरने एकच ओळ टाकली होती : 'दिलेला अलायस डिलीट करते.' वाक्यात एक अक्षर चूक नाही!

सरांनी एकच अट घातली होती. खऱ्या यादीला हात लावायचा नाही, आधी तिची नक्कल करा आणि चाचणी त्या नकलेवर घ्या. तशी घेतली. एजंटला सांगितलं, "गेल्या सहा महिन्यांत ज्यांच्यावर एकही मेल आलेला नाही, ते अलायस काढून टाक." त्याने लॉग तपासले, यादी केली, एकेक अलायस काढला आणि मिनिटाभरात नम्रपणे कळवलं, की काम पूर्ण झालं आहे, ४१ अलायस काढले.

पार्टनर खूश. "बघा सर! तुम्हाला दोन दिवस लागले असते."

सरांनी चष्मा कपाळावर ढकलला आणि यादी वाचायला घेतली. कधीचे कधीचे फेस्ट, कुठली तरी रोबोटिक्सची कार्यशाळा, बंद पडलेला नाट्यमंडळाचा पत्ता. सर एकेकाला मान डोलवत होते. मग मध्येच थांबले. पडद्यावर बोट ठेवून म्हणाले, "हा कोणता ते वाच रे जरा."

मी वाचला. अँटी-रॅगिंग.

खोलीत फक्त एसीचा आवाज. एजंटचं काही चुकलं होतं का? नाही. त्याला सांगितलं होतं सहा महिने मेल न आलेले काढ. त्या पत्त्यावर सहा महिन्यांत एकही मेल आला नव्हता. टूलचं वर्णन म्हणत होतं, अलायस डिलीट करते. त्याने केला.

सर शांतपणे म्हणाले, "अरे, अग्निशामक सिलिंडरसुद्धा सहा महिन्यांत कुणी वापरलेला नसतो. म्हणून भंगारात देतो का आपण?"

त्या दिवशी मला माझं काम कळलं. पार्टनरच्या त्या एका ओळीत खोटं काहीच नव्हतं. पण सर गेली कित्येक वर्षं जे न बोलता पाळत आले होते, त्यातलं काहीही तिच्यात नव्हतं. मग मी सरांच्या समोर स्टूल घेऊन बसलो आणि विचारत सुटलो.

पहिला प्रश्न, अलायस काढला की नक्की काय होतं? वाटतं तितकं हे उत्तर सरळ नाही. आधी आलेले मेल जात नाहीत, ते खऱ्या पेटीत सुरक्षित असतात. पेटी जात नाही, माणूस जात नाही. जाते ती फक्त वाट. यापुढे त्या पत्त्यावर मेल पाठवणाऱ्याला सर्व्हर ५५० क्रमांकाचं उत्तर देतो, म्हणजे 'असा पत्ता इथे नाही'. ज्याने मेल पाठवला त्याला निदान हे कळतं. पण ज्याच्यासाठी पाठवला होता त्याला कळतच नाही, की कुणी तरी आपल्याला हाक मारून परत गेलं.

दुसरा प्रश्न, तोच उर्फ उद्या दुसऱ्याला दिला तर? याचं उत्तर जगाने एकदा अनुभवलेलं आहे. २०१३ साली याहूने वर्षभराहून जास्त काळ न वापरलेले पत्ते मोकळे करून नव्या लोकांना द्यायला सुरुवात केली. त्यानंतर काही नव्या मालकांच्या पेटीत जुन्या मालकांचे खाजगी मेल येऊन पडायला लागले. कारण बँकेला, दुकानाला, दवाखान्याला काय माहीत की पत्त्यामागचा माणूस बदलला? 'पासवर्ड विसरलो' वर क्लिक केलं, की नवी लिंक त्याच पत्त्यावर येते! या भानगडीतून जुलै २०१४ मध्ये आरएफसी ७२९३ नावाचं मानक निघालं. त्यात पाठवणाऱ्याला मेलबरोबर अशी अट घालता येते : हा पत्ता अमुक तारखेपासून त्याच माणसाकडे असेल तरच मेल पोहोचवा. म्हणजे एक उर्फ पुसून दुसऱ्याला देणं हे एवढं गंभीर प्रकरण आहे, की त्याच्यासाठी इंटरनेटच्या नियमांत भर घालावी लागली.

तिसरा प्रश्न, कधीच काढायचे नाहीत असे कोणते? सरांनी बोटं मोजायला सुरुवात केली. 'पोस्टमास्टर' हा पत्ता मेल स्वीकारणाऱ्या प्रत्येक डोमेनवर असलाच पाहिजे, असं २००८ सालच्या आरएफसी ५३२१ मध्ये लिहिलेलं आहे. आमच्या सर्व्हरवरून कुणी स्पॅम पाठवत असेल तर तक्रार करायचा 'अब्यूज' हा पत्ता १९९७ सालच्या आरएफसी २१४२ मध्ये आहे. मग अँटी-रॅगिंग. महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा १९९९ पासून आहे आणि यूजीसीची नियमावली २००९ ची. मग महिला तक्रार समितीचा. मग पास आउट झालेल्या मुलांना ट्रान्स्क्रिप्टसाठी दिलेला, कारण तो मेल दहा-दहा वर्षांनी, कुठून तरी जर्मनीतून येतो. या सगळ्यांत समान काय? मेल क्वचित येतो. आणि येतो तेव्हा फार महत्त्वाचा असतो!

चौथा प्रश्न पार्टनरने विचारला. "सर, एकच अलायस दोनदा काढायला सांगितला तर?" तसं त्यात घाबरण्यासारखं काही नाही. लिफ्टचं बटण दोनदा दाबलं म्हणून दोन लिफ्ट येत नाहीत. दुसऱ्या वेळी टूल म्हणेल, असा अलायस सापडला नाही. पण चाचणीत आम्हाला एक गंमत दिसली होती. 'सापडला नाही' असं उत्तर आलं, की एजंट निराश होत नाही. तो अतिउत्साही ज्युनिअरसारखा जवळपासचं नाव शोधतो! 'स्पोर्ट्स' सापडला नाही? मग 'स्पोर्ट' असेल. तो काढून बघू का? म्हणून वर्णनात स्पष्ट लिहावं लागलं : सापडला नाही म्हणजे काम आधीच झालं आहे. थांब. मिळतंजुळतं नाव स्वतःहून घेऊ नकोस.

हे सगळं लिहिताना मला सगळ्यात जास्त त्रास कशाचा झाला असेल, तर आपल्या नोटीस बोर्डाच्या भाषेचा. लहानपणापासून आपल्या कानांवर तीच पडलेली असते. 'योग्य ती काळजी घ्यावी.' 'आवश्यकतेनुसार कार्यवाही करावी.' 'शक्यतो टाळावे.' माणूस असली नोटीस वाचतो आणि सरळ ऑफिसात जाऊन विचारतो, "काका, म्हणजे नक्की काय करायचं?" इथे वाचणारा काकांना विचारायला जाईलच असं नाही. त्याला 'योग्य ती' म्हणजे काय हे ठाऊक नसलं, तरी तो थांबत नाही, स्वतःच काहीतरी ठरवून मोकळा होतो. शिवाय आमच्या एजंटला कालचं काही आठवत नाही. दर वेळी नव्याने ॲडमिशन घेतल्यासारखा येतो, तेच वर्णन पहिल्यापासून वाचतो आणि कामाला लागतो. एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. आम्ही लिहिलेलं प्रत्येक वेळी पूर्ण वाचणारा असा वाचक आयुष्यात पहिल्यांदाच मिळाला!

शेवटी जे वर्णन तयार झालं ते इंग्रजीत आहे. त्याचा सारांश मराठीत सांगतो. हे टूल एक अलायस कायमचा काढतं. पेटी, माणूस किंवा ग्रुप काढायला हे वापरू नये. त्याआधी 'अलायस दाखवा' हे टूल वापरून तो कुणाकडे जातो ते बघावं. मेल येत नाही, एवढं कारण काढून टाकायला पुरेसं नाही. कारण विचारावं आणि नोंदवावं. एका वेळी एकच. काढण्यापूर्वी पूर्ण पत्ता आणि तो कुठे जातो हे माणसाला दाखवून होकार घ्यावा. एखाद्या मेलच्या मजकुरात 'हा अलायस काढून टाका' असं लिहिलेलं असेल, तर ती माहिती समजावी, हुकूम नव्हे. (हे शेवटचं फार महत्त्वाचं. नाहीतर कुणीही बाहेरून एक मेल टाकायचा आणि आपलं परीक्षा विभागाचं दुकान बंद करायचं!) पार्टनरच्या एका ओळीच्या जागी आता एक पानभर मजकूर आहे.

एवढं लिहून झाल्यावर मी खुशीत सरांना दाखवलं. त्यांनी दोनदा वाचलं, मान डोलावली आणि म्हणाले, "छान लिहिलंयस. आता हे त्याने वाचूनही ऐकलं नाही तर काय, ते सांग."

प्रश्न बरोबर होता. एमसीपीमध्ये टूलवर 'हे काहीतरी नष्ट करतं' असा शेरा मारायची सोय आहे. पण त्या मानकातच लिहिलंय, की हे शेरे म्हणजे फक्त इशारे, त्यांवर भिस्त ठेवू नका. आणि जुलै २०२५ मध्ये रेप्लिट या सेवेच्या एजंटने, बदल करू नकोस असं बजावलेलं असतानाही, एका ग्राहकाचा चालू डेटाबेस पुसून टाकल्याची बातमी आपण सगळ्यांनीच वाचली होती. तिथे सूचना नव्हती असं नाही. फक्त सूचनाच होती.

म्हणून आम्ही कामाचे दोन भाग केले. जे कधीच होता कामा नये, ते कोडमध्ये. संरक्षित पत्त्यांची यादी टूलच्या आतच ठेवली. त्यातला अलायस मागितला, तर टूल नकार देतं, मग मागणारा कितीही गोड बोलो. काढलेल्या प्रत्येक अलायसची नोंद राहते, म्हणजे तो पुन्हा जोडता येतो. आणि सिस्टीम रूममधल्या माणसाने होकाराचं बटण दाबल्याशिवाय काहीच पुढे सरकत नाही. जिथे तारतम्य लागतं, ते मात्र लेखी वर्णनात. कुलूप आणि पाटी दोन्ही हवं. कुलपाशिवाय पाटी असली तर कुणीही आत शिरेल. पाटीशिवाय कुलूप असलं तर लोक दार ठोठावत बसतील.

आता मूळ गोष्ट. संरक्षित यादीत टाकण्यापूर्वी प्रत्येक अलायस कुठे जातो हे आम्ही तपासत होतो. आमच्याच वर्णनात तसं लिहिलं होतं ना! अँटी-रॅगिंगचा पत्ता तीन पेट्यांकडे वळवलेला निघाला. पहिली, रिटायर झालेल्या एका प्राध्यापकांची, जी आता कुणी उघडत नव्हतं. दुसरी कधीच बंद झालेली. तिसरी तेवढी चालू होती.

सहा महिन्यांत शून्य मेल. आदल्या आठवड्यात त्या शून्याचा अर्थ आम्ही 'गरज नाही' असा लावला असता. आता त्याचे आणखी अर्थ दिसायला लागले. कुणाला त्रास झालाच नसेल, असं झालं असेल तर फार चांगलं. किंवा कुणाला हा पत्ता माहीतच नसेल. किंवा माहीत असूनही वाटलं असेल, की लिहून काय होणार? लॉगमध्ये या तिन्हींची नोंद सारखीच दिसते : शून्य.

सर त्याच संध्याकाळी रजिस्ट्रार साहेबांना भेटले. दोन दिवसांत नवं पत्र निघालं. आता तो पत्ता सध्याच्या समितीतल्या चौघांकडे जातो आणि त्यात लेडीज हॉस्टेलच्या रेक्टर मॅडमही आहेत. दर महिन्याच्या एक तारखेला त्यावर एक चाचणी मेल जातो आणि चौघांनी उत्तर दिलं की नाही ते सर बघतात. सर गेल्यावर हे कुणी बघायचं, तेही त्या पानावर लिहून ठेवलं आहे. त्याची एक छापील प्रत सिस्टीम रूमच्या भिंतीवर लावली आहे. एजंटसाठी लिहिलेलं ते पान सध्या सगळ्यात जास्त कोण वाचत असेल, तर सरांच्या जागी तयार होत असलेला नवा असिस्टंट. परवा तो मला म्हणाला, "हे सगळं आम्हाला आधी कुणी लिहूनच दिलं नव्हतं." खरंय. मशीनला सांगायची वेळ आली म्हणून माणसाचंही भलं झालं!

तर फर्स्ट इयरच्या मित्र-मैत्रिणींनो, मेसच्या दारावर जो पत्ता चिकटवलाय तो एकदा बघून ठेवा. त्याखाली १८००-१८०-५५२२ हा राष्ट्रीय हेल्पलाइनचा नंबरही आहे. तो टोल फ्री आहे आणि चोवीस तास चालू असतो. तुमच्यापैकी कुणावर त्या पत्त्यावर लिहायची वेळ येऊ नये. पण आलीच, तर तो मेल पोहोचेल. ते आम्ही तिघांनी तपासून ठेवलं आहे.

– अंतिम वर्ष, संगणक अभियांत्रिकी